अर्ध्या पट्टीचा दोर

त्या उन्हाळ्यात नावेच्या दोरानं मान टाकली. या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला तो जाड दोर धरून नावाडी नाव ओढायचा. गाव या अंगाला, आणि बाजार, दवाखाना, मोठी शाळा पलीकडं. दोराचे पेड आता सुटून पिंजारले होते. तुटला तिथं नावाड्यानं गाठी मारल्या होत्या, आणि गाठ आली की ती नावेच्या कडीत अडकायची. मग भर पाण्यात नाव थांबायची, बाया एकमेकींचे दंड धरायच्या, आणि नावाडी गाठीला शिव्या घालत ती कडीतून कोंबून काढायचा.

एका सकाळी तो थोरल्या दोरवाल्याच्या अंगणात येऊन उभा राहिला.

थोरला वाख विंचरत होता. घायपाताच्या पानांतून काढून वाळवलेले पांढुरके धागे खिळ्यांच्या फळीवर आपटायचे आणि ओढायचे, आपटायचे आणि ओढायचे. त्याच्या तळहातांची कातडी फळीइतकीच टणक झाली होती. बायको शेजारी बसून विंचरलेल्या वाखाचे झुपके बांधत होती. मुलगी दोर वळायच्या चाकाच्या कण्याला तेल घालत होती. तिला सगळे खार म्हणायचे. लहानपणी ती घरात कमी आणि झाडावर जास्त असायची. आता लग्नाच्या वयाला टेकली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

"दोर पाहिजे," नावाडी म्हणाला.

"केवढा?"

"या काठापासून त्या काठापर्यंत. अखंड. गाठ नको, जोड नको."

थोरल्यानं मान वर केली नाही. "माझी पट्टी बघितलीस ना?"

नावाड्यानं बघितलेली होतीच. सगळ्या गावानं बघितलेली होती. दोर वळायला लांबच लांब सरळ जागा लागते. दोरवाल्यांची पट्टी त्यांच्या बापाच्या वेळी या घरापासून पार ओढ्यापर्यंत होती. दोघे भाऊ तिच्यावर पाठीमागं चालत चालत मोठे झाले. मग एकदा दोघांनी मिळून वळलेला दोर विहिरीवर तुटला, आत उतरणारा गडी खाली पडला आणि त्याचा पाय मोडला. कच्चा पेड कुणाचा, यावरून भावाभावांत जुंपली. तुझा, नाही तुझा. गोष्ट हमरीतुमरीवर गेली. चार मोठी माणसं बसली आणि त्यांनी पट्टी मधोमध आडवी कापून अगदी समसमान वाटून दिली. त्यानंतर दोघा भावांनी मिळून एकच काम केलं, ते म्हणजे मधलं काटेरी कुंपण. तेव्हापासून बोलणं बंद. थोरला इकडं, धाकटा तिकडं. अर्ध्या पट्टीत गुरांची दावी होत, बादलीचे दोर होत, सुतळी होई. नावेचा दोर होत नसे.

"धाकट्याला विचारू का?" नावाड्यानं चाचरत म्हटलं.

"विचार की. त्याची पण अर्धीच आहे."

नावाडी जरा वेळ पायानं माती उकरत राहिला. "मग शहरातनं लोखंडी तार आणावी लागेल. पाऊस लागायच्या आत. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाला वाटेल?" थोरला म्हणाला आणि वाखाचा झुपका फळीवर असा आपटला, की दोन खिळे वाकले.

नावाडी गेल्यावर बायको म्हणाली, "एकदा तार आली म्हणजे सगळ्यांना तारच लागेल. विहिरीला, बैलगाडीला. मग आपण काय वळायचं? शेवया?"

थोरला खिळे सरळ करत बसला.

*

शाळेला सुटी लागली होती, पण शास्त्राच्या बाई गावातच राहिल्या होत्या. त्यांनी मोठ्या मुलामुलींना गावातल्या शाळेत बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात एक रिकामा डबा दिला. कुणाला दुधाच्या भुकटीचा, कुणाला रंगाचा. आतून काळा रंग फासायचा, पुढं सुईच्या टोकानं भोक पाडायचं, भोकावर काळी चिकटपट्टी लावायची.

"हा कॅमेरा," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. खारीच्या शेजारी तिचा चुलतभाऊ बसला होता, धाकट्या दोरवाल्याचा मुलगा. त्याला लंबू म्हणत, आणि त्याला उभं राहिलेलं बघितलं की का म्हणत ते विचारावं लागत नसे. घरी दोघं एकमेकांकडं बघत नसत. शाळेत कुंपण नव्हतं. तिसरी मासोळी, नावाड्याची मुलगी, चालायच्या आधी पोहायला शिकलेली.

"बाई, याला काच नाही, बटण नाही," मासोळी म्हणाली. "यात माणूस यायचा कसा?"

"उजेड बरोबर घेऊन येतो त्याला. पण डबा हलवायचा नाही आणि घाई करायची नाही. चिकटपट्टी काढायची, थांबायचं, परत लावायची." बाईंनी अंधाऱ्या खोलीत प्रत्येकाच्या डब्यात फोटोचा कागद बसवून दिला. "ज्याच्यावाचून गाव अडेल, त्याचा फोटो काढून आणा."

खारीनं वाटेतच ठरवलं. तिनं डबा पट्टीच्या कडेला दगडावर ठेवला आणि भोकावरची चिकटपट्टी काढली. थोरल्यानं कमरेला वाख बांधला होता. बायको चाक फिरवत होती आणि तो बोटांतून धागा सोडत पाठीमागं, पाठीमागं चालत होता. कुंपणापाशी पोचला, परत आला, पुन्हा चालला. खार डब्याशेजारी श्वास धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कोठीघरात लाल दिव्याखाली बाईंनी तिचा कागद थाळीतल्या पाण्यात सोडला. पाण्याला आंबट, औषधी वास होता. कागद कोरा होता. कोराच होता. मग कुठंतरी मध्ये एक डाग आल्यासारखं झालं. डाग पसरला, त्याला कड आली, कडेला फांद्या फुटल्या, आणि ओढ्याकाठचं झाड कागदातून वर आलं. जसं काही ते आधीपासून आत होतं आणि कुणी हाक मारायची वाट बघत होतं. मासोळीनं खारीचा दंड घट्ट आवळला. झाडामागून चाक आलं, खांब आला, कुंपणाचा काटा न् काटा आला.

सगळं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. बाईंनी तो कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर उपडा ठेवून वरून जरासा उजेड दाखवला, आणि तोही पाण्यात सोडल्यावर सगळं सरळ झालं. तेव्हा खारीच्या लक्षात आलं.

"बाई, बाबा कुठायत?"

चाक होतं, खांब होता, रिकामी पट्टी होती. थोरला नव्हता. चाक फिरवणारी आईही धुरासारखी पुसट होती.

लंबूचा फोटोही तसाच. त्यानं कुंपणापलीकडून काढला होता. चाक, खांब, पट्टी. आणि माणूस नाही.

"ते थांबलेच नाहीत ना एका जागी," बाई हळूच म्हणाल्या. "या डब्याला थांबलेलंच दिसतं."

*

खारीनं फोटो घरी दाखवला. थोरल्यानं ओले हात शर्टाला पुसून तो कडेला धरला, लांब नेला, जवळ आणला.

"मी कुठाय?"

"तुम्ही चालत होता, बाबा. हलणारं येत नाही."

"म्हणजे दिवसभर राबलो ते गेलं कुठं?" तो हसला, पण ते हसू ओठांच्या पुढं गेलं नाही.

"नुसते बसून राहिला असता तर छान आला असता," बायको म्हणाली. "गावातले निम्मे पुरुष कसे झक्क येतील बघ."

फोटो हातोहात फिरला. नदीवर कुणीतरी म्हणालं, थोरल्याच्या पट्टीवर भुतं दोर वळतात. पाणी भरायला आलेल्या गड्यानं विचारलं, "काय दोरवाले, आज आहात का नाही?" लोक खदाखदा हसले. थोरला मान खाली घालून निघून आला. पुढचे दिवस तो गरजेपुरतंच बोलला. वाख विंचरायचा, चालायचा, जेवायचा, झोपायचा. खारीला वाटायचं, आपण हा डबा हातात घेतलाच कशाला.

पण डबा सोडवतही नव्हता. कागद बदलायला मिट्ट काळोख लागतो, म्हणून तिनं वाखाची खोली निवडली. ती कुंपणाला लागूनच होती. फळ्यांच्या भिंती, आत छतापर्यंत वाखाचे ढीग, आणि समोरच्या भिंतीला कधीकाळी दिलेला चुना. तिनं एका दुपारी फटींत वाख कोंबला, दाराला गोणपाट लावलं. कुंपणाकडच्या फळीत गाठ निखळून पडलेलं एक भोक होतं, बोराएवढं. ते तेवढं राहिलं. ती बाईंनी दिलेलं कागदाचं पाकीट पोटाशी धरून अंधाराला डोळे सरावायची वाट बघत उभी राहिली.

आणि चुन्याच्या भिंतीवर काहीतरी हललं.

आधी तिला वाटलं, पाल असेल. मग तिला निळं दिसलं, खालच्या बाजूला. निळ्यात पांढरा ढग होता, आणि तो सरकत होता. वर, छताच्या अंगाला, तांबडी माती होती. मातीला चिकटून, पाय वर आणि डोकं खाली, तिचा काका चालत होता.

ती वाखावर टेकली. काका पाठीमागं, पाठीमागं येत होता. त्याचा निळा सदरा खराखुरा निळा होता. कमरेचा वाख उन्हात चमकत होता. पलीकडं लंबू चाक फिरवत होता, एवढासा, मुंगीसारखा. वारा आला आणि सगळ्या झाडाची पानं खालच्या आभाळात सळसळली. आवाज मात्र कशाचाच नव्हता. भिंतीवर आख्खं जग हलत होतं, आणि खोलीत तिच्या स्वतःच्या छातीच्या धडधडीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

आपण डब्याच्या आत बसलो आहोत, हे तिला मग कळलं. बाईंनी दिलेल्या डब्यात आत काय चालतं, ते हे.

दुसऱ्या दिवशी तिनं लंबूला ओढ्याकडून गुपचूप आत आणलं, मग मासोळीला. मासोळी ओणवी होऊन पायांतून बघायला लागली आणि तोल जाऊन वाखात पडली. लंबू खाली बसला तो उठेना. "हे रोज होत असतं?" त्यानं विचारलं. "आपण नसलो तरी?"

"ऊन असेल तर."

"आणि आपल्याला माहीतच नाही."

हसण्याचा आवाज ऐकून खारीची आई आली. गोणपाट बाजूला केलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "इथं काय खलबतं चाललीत?" पोरांनी तिला आत ओढलं, गोणपाट सोडलं. तिचे डोळे सरावले. तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई. ती जाऊबाई ना?"

भिंतीवर काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. काका पाणी प्यायला. मग काकूनं त्याच्या सदऱ्यात हात घालून खांदा चोळला, आणि काकानं डोळे मिटून घेतले. आई कितीतरी वेळ बघत राहिली. एकदा हसली, एकदा डोळे पुसले. बाहेर जाताना तिनं लंबूच्या डोक्यावर हात ठेवला. त्यासाठी तिला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "वाखाच्या खोलीत कीड लागल्यासारखी वाटते. उद्या दुपारी जरा बघून घ्या."

*

थोरला कीड बघायला आला. खारीनं मागून गोणपाट सोडलं.

"अगं, अंधार काय करतेस? दिसणार कसं?"

"थांबा ना, बाबा. दिसेल."

तो कुरकुरत थांबला. मग त्याची कुरकुर थांबली.

धाकटा कमरेला वाख बांधून येत होता. थोरल्यानं आधी मान तिरकी केली, मग सरळ केली. हळूहळू तो ढिगावर बसला. खारीला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आभाळाचा निळा उजेड त्याच्या गालाच्या हाडावर पडला होता.

कुंपण उभारल्यापासून थोरल्यानं भावाकडं बघितलं नव्हतं. समोर आला की वाट बदलायची, आवाज आला की पाठ करायची. इथं पाठ करता येत नव्हती. आणि पलीकडच्याला कळतही नव्हतं की कुणी बघतंय. धाकटा चालत राहिला. मागं जाताना एक पाऊल जरा बाहेर टाकायचा. त्याची पाठ कुंपणाच्या काट्यांना लागली की दचकून थांबायचा, अंदाज चुकल्यासारखा. त्याच्या पावलांना अजून जुन्या पट्टीची सवय होती.

"पाऊल बघ कसं टाकतो," थोरला पुटपुटला. "आमचा म्हातारा असाच चालायचा."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "दोराकडचा खांदा गेलाय त्याचा. हात वर जात नाही बघ. कधीपासून?"

दारात बायको उभी होती. "आम्हाला काय माहीत? बोलायची चोरी."

"अशानं पीळ ढिला पडणार. पडलाच आहे. हे बघ, हे इथं." त्यानं उठून भिंतीला हात लावला. धाकट्याचा दोर त्याच्या हातावरून गेला, उन्हासकट, आणि थोरल्यानं बोटं मिटली. मुठीत काहीच नव्हतं. बोटांवरून भाऊ चालत होता. त्यानं हात मागं घेतला नाही.

ऊन कलून भिंत विझेपर्यंत तो तिथंच होता. बाहेर आला तेव्हा वाखाचे तुकडे त्याच्या केसांत अडकले होते. ते काढायलाही तो थांबला नाही. सरळ कुंपणाशी गेला.

"ए," तो म्हणाला.

पलीकडं चाक थांबलं. धाकटा वळला, पण बघितलं त्यानं कुंपणाकडं.

"पीळ ढिला पडतोय तुझा."

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसतं."

"पाठीला डोळे फुटले का? इतके दिवस बरं दिसलं नाही ते."

"इकडं ये, दाखवतो."

"मी नाही यायचा. तू आधी घालून पाडून बोलणार, मग म्हणणार तुझंच चुकलं." धाकट्याचा आवाज चढला. "पेड माझा होता म्हणतोस अजून?"

खारीची नखं तिच्याच तळव्यात रुतली होती.

"कुणाचा होता ते त्या दोरालाच माहीत," थोरला म्हणाला. "तो कुजून गेला. तू ये. तू तिकडनं येतोस तर मी इकडनं येतो. म्हणजे झालं? समसमान."

हे मात्र धाकट्याला नाकारता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच तसं झालं. धाकटा ओढ्याकडून वळसा घालून वाखाच्या खोलीत आला, आणि थोरला दुसऱ्या बाजूनं वळसा घालून त्याच्या पट्टीवर गेला. लंबूनं बापाला वाखावर बसवलं. खारीनं गोणपाट सोडलं.

भिंतीवर थोरल्यानं धाकट्याचा वाख कमरेला बांधला आणि पाठीमागं चालायला लागला. धाकट्याच्या तोंडून आवाज निघाला, लहान मुलाला उचलून वर फेकल्यावर निघतो तसा. थोरला चालत होता, पाय आभाळाकडं, डोकं मातीखाली, आणि त्याच्या बोटांतून धाकट्याचा धागा एकसारखा सुटत होता.

"म्हातारा झालाय दादा," धाकटा म्हणाला. "केस बघ की, पांढरे झालेत."

"तुमचेही झालेत, काका," खार म्हणाली.

"माझे मला कुठं दिसतात?" त्यानं नाक ओढलं. "लंबू, कुऱ्हाड कुठं ठेवलीस?"

लंबू एवढ्या घाईनं उठला की छताला डोकं आपटलं.

*

कुंपण एका सकाळीत निघालं. काटे ओढून काढताना दोघांच्या हातांतून रक्त आलं, आणि दोघांनीही तिकडं लक्ष दिलं नाही. पट्टी पुन्हा घरापासून ओढ्यापर्यंत मोकळी झाली. नावाड्याला निरोप गेला, तार आणू नकोस.

मग कामाचे दिवस लागले. घायपाताची पानं कापून आणायची, ठेचायची, धुवायची, वाळवायची. दोन्ही घरांच्या बाया एका फळीवर वाख विंचरायला बसल्या आणि साठलेलं सगळं बोलून घ्यायला लागल्या; फळीचा आवाज त्यात ऐकू येईना. थोरला धागे काढायचा, धाकटा खांद्यामुळं चाकावर बसायचा. धाग्यांचे पेड झाले, मनगटाएवढे जाड. अंगाला वाखाची कुसळं लागून सगळ्यांना खाज सुटली. पोरं डबे घेऊन आजूबाजूला असायची, पण बहुतेक वेळ त्यांच्याच हातात काम असायचं.

तिन्ही पेड एकत्र वळायच्या दिवशी आभाळ पांढरं, एकसारखं भरून आलं होतं. एवढा दोर घरच्या माणसांनी पेलणारा नव्हता. पट्टीभर माणसं उभी करावी लागणार होती, पेड तळहातावर झेलून धरायला. नावाडी आला, मासोळी आली, बाई आल्या. पाणी भरणारा गडी आला, ज्यानं थोरल्याची चेष्टा केली होती तोही. आणि नदीकडच्या वाटेनं कुबडी टेकत विहिरीतला गडी आला, तोच, पाय मोडलेला. त्याला बघून दोन्ही भाऊ जागच्या जागी थिजले.

"काय बघताय?" तो म्हणाला. "धरायला हात लागतात. ते शाबूत आहेत." कुबडी काखेत घट्ट करून तो रांगेत उभा राहिला. "नीट वळा आता."

तीन खाचांचा लाकडी ठोकळा तिन्ही पेडांच्या मध्ये बसवला. ठोकळ्याच्या मागं पेड एकमेकांवर बसत दोर व्हायचा, आणि ठोकळा पुढं सरकायचा. ओढ्याकडच्या टोकाला दगड लादलेली घसरती फळी होती, पेडांची टोकं तिला बांधलेली. पीळ चढेल तशी ती इंचाइंचानं पुढं ओढली जायची. लंबू आणि नावाडी चाकाला भिडले. थोरल्यानं ठोकळा धरला. दोर वळायला लागला. लोक बघत राहिले. वीतभर, हातभर, मग खोलीएवढा. पिवळसर, घट्ट, चकचकीत.

मधोमध आल्यावर ठोकळा उसळला.

एक पेड खाचेतून सुटला होता. सगळा पीळ उलटा धावायला लागला. दोर थोरल्याच्या हातात जिवंत सापासारखा फिरला आणि तो गुडघ्यावर आला. एक क्षण गेला असता तर आख्खा दोर गुंत्याचा ढीग झाला असता. धाकटा धावला. दुखऱ्या खांद्याचा विचार न करता दोन्ही हातांनी त्यानं ठोकळा पकडला आणि ओरडला, "धरा! कुणी हलू नका! पीळ बसू द्या!"

सगळ्यांनी धरलं.

पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं उभी होती तशी थांबली. कुणी वाकलेलं, कुणाची टाच उचललेली. चाकावर लंबू छाती टेकून होता. ठोकळ्याशी दोघे भाऊ डोक्याला डोकं लावून, चार हात एकमेकांवर. कुणी श्वाससुद्धा नीट घेतला नाही. ताणलेला दोर थरथरत होता आणि ती थरथर सगळ्यांच्या तळव्यांतून जात होती. टोकाला कुणी आवंढा गिळला तर दुसऱ्या टोकाला कळावं अशी.

खार पेड धरून होती, तिचा डबा पट्टीकडेच्या दगडावर. तिनं फक्त डोळे फिरवले. बाई डब्याजवळ होत्या, त्यांना कळलं. त्यांनी अलगद त्याची चिकटपट्टी काढली. शेजारच्या डब्याची काढली. त्याच्या शेजारच्या.

हळूहळू थरथर मंद झाली. दोर हातात शांत झाला, जनावर शांत होतं तसा.

"बसला," थोरला म्हणाला.

"अजून थोडं, दादा," धाकटा म्हणाला. "थोडं थांब."

ते थांबले. बाईंनी डबे झाकले. मग धाकट्यानं पेड खाचेत बसवला, थोरल्यानं ठोकळा पुढं लोटला, आणि संध्याकाळच्या आत दोर घराला येऊन टेकला.

*

दोर नदीवर नेताना तो खांद्यावर घेतलेली माणसं संपता संपेनात. नावाड्यानं तो दोन्ही काठांना बांधला आणि पहिल्या फेरीला दोघा भावांना बसवलं. "तुटला तर तुम्हीच पोहा," तो म्हणाला. नाव पलीकडं गेली आणि आली, कुठंही न अडकता. गड्याची कुबडी पहिल्यांदा नावेत आडवी पडली आणि तो मजेत पाण्यात हात घालून बसला.

परतल्यावर बाईंनी वाखाची खोली काळी केली. गोणपाटावर गोणपाट लावलं, भोकही बुजवलं, आणि आत लाल दिवा पेटवला. मावतील तेवढे आत आले, बाकीचे गोणपाटाबाहेर दाटले. खारीनं कागद थाळीत सोडला.

आधी काही नाही. मग आभाळ आलं, काळं. त्याच्या खाली दोर, काळाच, एका रेघेत. बाईंनी तो धुऊन दुसऱ्या कोऱ्या कागदावर उपडा ठेवला, उजेड दाखवला आणि नवा कागद खारीच्या हातात दिला.

खारीनं तोही थाळीत सोडला. या वेळी आधी केस आले. कितीतरी डोकी, ओळीनं, पाण्यातून वर काढल्यासारखी. मग डोळ्यांच्या खाचा, सदऱ्यांच्या घड्या, वाकलेल्या पाठी. सगळ्या एकाच अंगाला वाकलेल्या. मग हात. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या हातांतून जाणारा, पांढरा दोर. मध्ये दोन माणसं डोक्याला डोकं लावून उभी होती, आणि त्यांतला थोरला कुठला, धाकटा कुठला, हे त्यांच्या बायकांनाही पटकन सांगता येईना.

पाण्याचे थेंब थाळीत पडताना ऐकू येत होते.

थोरला खाली वाकला, नाक पाण्याला लागेल इतका. बराच वेळ वाकून राहिला.

"बाई," तो म्हणाला, "हे परत होईल का?"

"काय?"

"हेच. कोऱ्यातनं येणं."

बाईंनी कागदांच्या पाकिटात बघितलं. "कागद आहेत तोवर होईल."

थोरल्यानं गोणपाट सारून दाराशी उभ्या असलेल्यांना बघितलं, आणि तो भिंतीला पाठ लावून सरकला. धाकटाही सरकला. "आत या," तो बाहेरच्यांना म्हणाला. "हळू या. दार लवकर लावा."

विहिरीतला गडी कुबडी उचलून आत आला, त्याच्यामागं पाणी भरणारा, त्याच्यामागं लेकुरवाळ्या बाया. गोणपाट सुटलं. अंधारात सगळ्यांचे खांदे एकमेकांना लागले. खारीनं नवा कागद पाण्यात सोडला, आणि खोलीभर माणसांनी पुन्हा श्वास धरला.